ॲस्टनला परतलेले चौघे : बर्मिंगहॅम, जुलै २०२५

ब्लॅक सॅबथ या बर्मिंगहॅमच्या हेवी मेटल बँडचा 'शेवटचा' कार्यक्रम खरे तर ४ फेब्रुवारी २०१७ लाच बर्मिंगहॅमच्या जेन्टिंग अरीनात होऊन गेला होता. पण त्या रात्री ड्रमवर बिल वॉर्ड नव्हता. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये चौघांनी एकत्र येण्याची घोषणा केली, कराराच्या अटींवरून बिनसले आणि पुढच्याच वर्षी वॉर्ड बाहेर पडला. २०१३ चा अल्बम दुसऱ्या ड्रमरला घेऊन झाला आणि निरोपाचा दौरा तिसऱ्याला. गायक ऑझी ऑस्बर्न, गिटारवर टोनी आयोमी, बास गिटारवर गीझर बटलर आणि ड्रमवर बिल वॉर्ड हे मूळचे चौघे एका मंचावर शेवटचे वाजले होते २००५ साली. म्हणूनच ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातल्या व्हिला पार्क या फुटबॉलच्या मैदानावर चौघे पुन्हा येणार हे जाहीर झाल्यावर जुन्या ऐकणाऱ्यांचा पहिला प्रश्न 'वॉर्ड नक्की आहे ना?' हाच होता.

त्या आठवड्यात बर्मिंगहॅमला जायला मराठी माणसाकडे आणखी एक कारण होते. भारत-इंग्लंड दुसरी कसोटी २ ते ६ जुलै दरम्यान एजबॅस्टनलाच होती. त्यामुळे त्या आठवड्यात रेल्वेच्या डब्यात काळे टी-शर्ट आणि निळ्या जर्सी शेजारी-शेजारी बसलेल्या दिसत.

तयारीचे थोडक्यात. ब्रिटनचा सहा महिन्यांचा पर्यटक व्हिसा २०२५ मध्ये १२७ पौंडांना पडत होता आणि अर्ज केल्यावर साधारण तीन आठवडे लागतात. तिकीट आधी आणि व्हिसा नंतर असा क्रम असेल तर मध्ये किमान दोन महिने हाताशी ठेवावेत. मुंबईहून दुबईमार्गे थेट बर्मिंगहॅमला उतरता येते. लंडनला उतरलात तर युस्टन स्थानकावरून बर्मिंगहॅमच्या न्यू स्ट्रीट स्थानकाला साधारण एक तास वीस मिनिटे लागतात. मेरिलबोनवरून तिथल्याच मूर स्ट्रीट स्थानकाला जाणारी गाडी अर्ध्या तासाने सावकाश, पण बरीच स्वस्त. सामन्याच्या किंवा मैफलीच्या आठवड्यात शहराच्या मध्यावरची हॉटेले आवाक्याबाहेर जातात. अशा वेळी वुल्व्हरहॅम्प्टन किंवा सोलिहलला राहावे. दोन्हीकडून गाड्या वारंवार आहेत.

गुरुवार, ३ जुलै

न्यू स्ट्रीट स्थानकात पाऊल ठेवताच समोर दहा मीटर उंचीचा यांत्रिक बैल दिसतो. २०२२ च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांच्या उद्घाटनासाठी तो बनवला होता. स्पर्धा संपल्यावर तो मोडीत जाणार होता, पण लोकांनी हट्ट धरला आणि २०२३ मध्ये तो स्थानकात आला. नावासाठी मतदान झाले आणि 'ऑझी' हे नाव जिंकले. ठरावीक वेळाने तो डोके हलवतो, शेपटी हलवतो. स्थानकातला जमिनीपासून छतापर्यंतचा सगळा गलबला त्या वेळी क्षणभर त्याच्याकडे वळतो. त्या आठवड्यात त्याच्या पायाशी फोटो काढायला रांग होती आणि रांगेत ब्राझील, फिनलंड, जपान असे सगळे देश होते.

स्थानकाच्या मागच्या अंगाला नेव्हिगेशन स्ट्रीट. तिथे 'मिस्टर म्युरल्स' या स्थानिक चित्रकाराने चौघांचे भित्तिचित्र रंगवले आहे. तिथून ब्रॉड स्ट्रीटपर्यंत चालत पंधरा मिनिटे. कालव्यावरच्या पुलाला २०१९ पासून 'ब्लॅक सॅबथ ब्रिज' म्हणतात आणि त्यावर चौघांचे चेहरे असलेला बाक आहे. ट्रामने यायचे तर ब्रिंडलीप्लेसच्या थांब्यावर उतरायचे. बाकावर बसून फोटो हवा असेल तर सकाळी नऊच्या आत जावे. दुपारनंतर तिथे मोकळी जागा मिळत नाही.

बाकावर आधीच एक वयस्क गृहस्थ बसले होते. धातूच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. बोलता बोलता त्यांनी उजव्या हाताची बोटे दाखवून यंत्राचा दाब कसा खाली येतो ते करून दाखवले. या शहरात आयोमीची गोष्ट अशीच सांगतात, हाताने. सतरा वर्षांचा आयोमी पत्रे कापण्याच्या कारखान्यात होता. नोकरी सोडण्याच्या शेवटच्या दिवशी त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या आणि अनामिका अशा दोन बोटांची टोके यंत्रात गेली. तो डावखुरा. म्हणजे उजवा हात तारा दाबण्याचा. डॉक्टरांनी गिटार विसरायला सांगितले. कारखान्याच्या मुकादमाने मात्र त्याला गिटारवादक जँगो राइनहार्टची तबकडी आणून दिली, कारण जँगोचीही दोन बोटे आगीत निकामी झाली होती आणि तो उरलेल्या बोटांवर वाजवत असे.

पुढचे सगळे तंत्र या जखमेतून आले आहे. आयोमीने भांडी धुण्याच्या द्रवाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोप्या बनवल्या आणि वर चामड्याचा तुकडा चिकटवला, म्हणजे तारेवर पकड येईल. टोपीतून तार जाणवत नाही, त्यामुळे तो गरजेपेक्षा जोर लावतो. जोर लावला की जाड तार बोटाला सोसत नाही. म्हणून त्याने बॅन्जोच्या बारीक तारा गिटारला लावल्या. पुढे त्याच्या संचातली सर्वांत बारीक तार ०.००८ इंचांवर आली. तरीही ताण जास्त वाटे, तेव्हा १९७१ च्या तिसऱ्या अल्बमपासून त्याने सगळी गिटारच तीन अर्धस्वर खाली उतरवली. तीन अर्धस्वर उतरवले की तारेवरचा ताण सुमारे तीस टक्के घटतो. बोटांना आराम मिळतो, सूर खर्जाकडे जातो आणि सैल तार आघाताला किंचित हेलकावते. आज जगभर 'हेवी' म्हणून जो आवाज ओळखला जातो, तो एका जखमी कामगाराच्या सोयीतून असा घडला. घरी करून पाहायचे असेल तर एक खबरदारी घ्यावी. नेहमीच्या ०.००९ च्या तारा इतक्या खाली उतरवल्या की त्या पडद्यांवर फरफरतात. गिटारच्या मानेतल्या सळईचा स्क्रू थोडा सैल करावा आणि तारा जिथे टेकतात त्या पुलाची उंची किंचित वाढवावी.

संध्याकाळी ब्रॉड स्ट्रीटवरच्या प्रत्येक पबमध्ये क्रिकेट चालू होते. शुभमन गिल २६९ वर बाद झाला आणि भारताचा डाव ५८७ वर संपला, हे रस्त्यावरच्या आरोळ्यांवरूनच कळत होते.

शुक्रवार, ४ जुलै

सकाळी चेंबरलेन चौकातले बर्मिंगहॅम म्युझियम अँड आर्ट गॅलरी. ऑझीवरचे 'वर्किंग क्लास हीरो' हे प्रदर्शन २५ जूनपासून तिथे मांडले होते. प्रवेश विनामूल्य. ग्रॅमी, सन्मानचिन्हे, सोनेरी आणि प्लॅटिनम तबकड्या काचेआड होत्या. प्रदर्शन आकाराने मोठे नव्हते, तासाभरात पाहून झाले. आदल्याच शनिवारी, २८ जूनला, चौघांना 'फ्रीडम ऑफ द सिटी' हा शहराचा मान देण्यात आला होता.

तिथून दहा मिनिटांवर, न्यू स्ट्रीटच्या पाठीमागच्या स्टेशन स्ट्रीटवर 'द क्राऊन' आहे. हा पब कित्येक वर्षे बंद आहे आणि खिडक्यांना फळ्या ठोकल्या आहेत, पण इथल्या वरच्या मजल्यावर १९६८ पासून 'हेन्रीज ब्लूजहाऊस' भरत असे. तो चालवणारा जिम सिम्प्सन हाच बँडचा पहिला व्यवस्थापक. त्या वेळी बँडचे नाव 'अर्थ' होते आणि ते साधे ब्लूज वाजवत. रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवरून दर्शनी भाग पूर्ण दिसतो. आत जाता येत नाही.

त्या खोलीतल्या ब्लूजपासून १३ फेब्रुवारी १९७० ला, शुक्रवारी, आलेल्या पहिल्या अल्बमपर्यंत काय बदलले ते आपल्या कानाला चटकन समजावता येते. बँडच्याच नावाच्या गाण्याची मूळ धून तीन स्वरांची आहे : सा, वरचा सा आणि मग तीव्र मध्यम. यमनात तीव्र मध्यम पंचमाकडे झेपावतो आणि मन निवते. इथे पंचम येतच नाही. तीव्र मध्यम तसाच लांबत, थरथरत राहतो आणि पुन्हा खालचा सा. ज्याचे कान रागदारीवर घडले आहेत त्याला या धूनचे अस्वस्थपण इतरांपेक्षा लवकर कळते, असे माझे ठाम मत आहे. हा संपूर्ण अल्बम त्यांनी एका दिवसात, बहुतेक सलग वाजवून, ध्वनिमुद्रित केला.

दुपारी ॲस्टन. न्यू स्ट्रीटवरून लोकल दहा मिनिटांच्या आत पोहोचते. लॉज रोडवरचे १४ क्रमांकाचे चिंचोळे, भिंतीला भिंत लागलेले विटांचे घर हे ऑझीचे. आईवडील आणि सहा भावंडे त्यात राहत. आई लुकास कंपनीत कामाला होती, तिथेच ऑझीने काही काळ मोटारींचे हॉर्न सुरात लावण्याचे काम केले. दिवसभर बंद खोलीत शेकडो हॉर्न. पुढे कत्तलखान्यात. त्यानंतर घरफोडीसाठी विन्सन ग्रीनच्या तुरुंगात सहा आठवडे. आता त्या घरात कोणीतरी राहते. पलीकडच्या फुटपाथवरून फोटो काढावा, दार वाजवू नये, पायरीवर बसू नये. त्या दिवशी शेजारच्या घरांतली मुले येणाऱ्यांना योग्य दरवाजा बोटाने दाखवत होती आणि एक आजी खिडकीतून सगळ्यांना 'बॅब' म्हणत हात हलवत होत्या. या भागात अनोळखी माणसालाही असेच प्रेमाने हाक मारतात.

या गल्लीतून व्हिला पार्क दीड किलोमीटरही नाही. सामन्यांच्या दिवशी प्रेक्षकांच्या मोटारी राखण्याचे पैसे घेणाऱ्या पोरांत ऑझीही असे. चौघेही याच परिसरातले, आणि गीझर तर ॲस्टन व्हिला या इथल्या फुटबॉल क्लबचा जन्माचा भक्त. मैदानाला लागूनच ॲस्टन हॉल हा १६३५ मध्ये पूर्ण झालेला वाडा आहे. १६४३ मधल्या यादवी युद्धातल्या तोफगोळ्याची खूण त्याच्या जिन्यावर अजून दाखवतात. मैदानाच्या 'होल्ट एंड' या प्रसिद्ध बाजूला वाडा बांधणाऱ्या सर थॉमस होल्टचेच नाव आहे.

रात्रीचे जेवण बाल्टीचे. मूर स्ट्रीटजवळून ५० क्रमांकाची बस मोझली रोडने जाते. बाल्सॉल हीथला उतरून लेडीपूल रोडवर चालत जावे. १९७० च्या दशकात इथल्या पाकिस्तानी-काश्मिरी खानावळवाल्यांनी हा प्रकार काढला. पातळ दाबीव पोलादाची, दोन कानांची लहान कढई. मोठ्या आंचेवर, तुपाऐवजी तेलात, बिनहाडाचे मांस आणि ताजा मसाला भराभर परततात, आणि ज्यात शिजले तीच कढई ताटलीवर ठेवून समोर आणतात. पोलाद पातळ असल्याने ते झटकन तापते, त्यामुळे कांदा-टोमॅटोला भाजका खमंगपणा येतो. जाड बिडाच्या कढईत तो येत नाही. भात मागू नये, बाल्टी नानशीच खायची. 'टेबल नान' मागवला की चौघांना पुरेल एवढी चादर येते. मांस न खाणाऱ्यांसाठी चणा-पालक बाल्टी उत्तम. यातल्या बऱ्याच खानावळींत दारू मिळत नाही. काही ठिकाणी स्वतःची आणू देतात, काही ठिकाणी तेही नाही, म्हणून आधी विचारावे. आमच्या टेबलाला वाढणाऱ्या मीरपूरच्या चाचांनी हातातला काळ्या टी-शर्टवाल्यांचा हिशेब बाजूला ठेवून आधी ब्रूक आणि स्मिथच्या ३०३ धावांच्या भागीदारीचे कौतुक केले, मग सिराजच्या सहा बळींचे.

शनिवार, ५ जुलै

आकाश ढगाळ. आठवड्याच्या सुरुवातीची उष्णतेची लाट ओसरली होती. असल्या दिवशी टी-शर्टवर घडी होणारे पातळ जाकीट पुरे. छत्री मैदानात नेऊ देत नाहीत. वरून चढवायचा प्लास्टिकचा कोट खिशात मावतो, तो घ्यावा.

मैफल दुपारी एकच्या सुमारास सुरू होऊन रात्री दहानंतर संपणार होती. इतका लांब कार्यक्रम निभावायचा तर तीन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात : कान, पाय आणि पोट.

कानांचे गणित स्पष्ट आहे. ८५ डेसिबल आवाज आठ तास सोसतो. दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे. नऊ तासांच्या मैफलीत बोळे नसतील तर दुसऱ्या दिवशी कानात शिट्टी वाजणारच, आणि कधी कधी ती कायमची राहते. फोमचे बोळे स्वस्त आहेत पण वरचे स्वर खातात, झांजा चादरीखाली वाजल्यासारख्या ऐकू येतात. गाळणीचे बोळे सगळ्या पट्ट्या सारख्या कमी करतात. पंधरा ते वीस डेसिबल कमी करणारे घ्यावेत. फोमचे असतील तर बोटांत लाटून बारीक करावे, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत सरकवावे आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवावे. बहुतेक लोक ही शेवटची पायरी टाळतात, म्हणून बोळा बाहेर येतो आणि 'काही फरकच पडत नाही' अशी तक्रार होते.

जागेचे म्हणाल तर मैदानावर उभे राहायचे असेल तर ध्वनिनियंत्रणाच्या मंचाच्या आसपास, किंचित पुढे उभे राहावे. ध्वनी तिथल्याच माणसाच्या कानाने जुळवलेला असतो. गॅलरीत छताखालच्या मागच्या रांगांत खर्ज साचून गढूळ होतो. मंचापासून शंभर मीटरवर आवाज जवळजवळ ०.३ सेकंद उशिरा पोहोचतो. त्यामुळे मागच्यांच्या टाळ्या पुढच्यांना हमखास मागे पडलेल्या ऐकू येतात. टाळी पडद्यावर बघून धरू नये, ऐकून धरावी. रोख पैसे चालत नाहीत, कार्ड लागते. एकदा आत गेले की बाहेर येऊन पुन्हा जाता येत नाही, म्हणून साडेअकराला पोटभर खाऊनच फाटक गाठावे. स्नानगृहाच्या रांगा मोठ्या बँडच्या आधी वीस मिनिटे सर्वांत लांब असतात. जायचे तर आवडत नसलेल्या गाण्याच्या मध्यावर जावे.

मंच फिरता होता. एक बँड पुढे वाजत असताना दुसऱ्याचे सामान मागे जुळत होते. त्यामुळे एरवी अर्धा तास खाणारी अदलाबदल काही मिनिटांत आटपत होती. एका दिवसात इतकी नावे बसली ती याच योजनेमुळे. संगीत दिग्दर्शन गिटारवादक टॉम मोरेल्लोचे. प्रत्येक बँडने स्वतःची एक-दोन गाणी आणि एखादे सॅबथ किंवा ऑझीचे गाणे वाजवायचे, असा रिवाज. मास्टोडॉनने सुरुवात केली. मग रायव्हल सन्स, अँथ्रॅक्स, हेलस्टॉर्म, लँब ऑफ गॉड. ॲलिस इन चेन्सचा स्वरमेळ उघड्या मैदानात विरतो की काय अशी भीती होती, पण तो नितळ पोहोचला. गोजिराने ऑपेरा गायिका मरीना व्हियोत्तीला सोबत आणले.

दुपारचा सर्वांत मोठा धक्का यंगब्लड या तरुण गायकाने दिला. 'चेंजेस' हे पियानोवरचे संथ गाणे त्याने घेतले आणि दोनच दिवसांपूर्वी अपघातात गेलेला फुटबॉलपटू दियोगो जोटा याला ते अर्पण केले. फुटबॉलचे मैदान आणि समोर बहुसंख्य ब्रिटिश प्रेक्षक. जुने, राकट चाहते गाता गाता डोळे पुसत होते. नव्या पोराला कोण ऐकणार, असे सकाळी म्हणणारे आमच्या रांगेतले दोघेही त्यात होते.

ट्रॅव्हिस बार्कर, चॅड स्मिथ आणि डॅनी कॅरी या तिघा ड्रमरांची जुगलबंदी झाली. एरोस्मिथचा गायक स्टीव्हन टायलर बऱ्याच काळानंतर गायला आणि गळा शाबूत होता. पँटेरा, टूल, स्लेयर. मग गन्स एन' रोझेस. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर १७ मे ला त्यांना ऐकून आलेले काही जण गर्दीत भेटले. त्यांच्या मते इथे आवाज बराच स्वच्छ होता. गन्स एन' रोझेसने सॅबथची चार गाणी वाजवली, त्यांतली तीन १९७६-७८ च्या दुर्लक्षित अल्बमांतली. ही निवड खऱ्या अभ्यासकाची होती. मेटॅलिकानेही 'जॉनी ब्लेड' हे क्वचित कोणी वाजवणारे गाणे काढले.

ऑझी खालून वर उचलल्या गेलेल्या काळ्या सिंहासनावर बसून आला. वरती वटवाघूळ कोरलेले. २०१९ मध्ये त्याला पार्किन्सनचे निदान झाले होते, पाठीच्या शस्त्रक्रिया होऊन गेल्या होत्या, पायांत चालण्याचे बळ नव्हते. वय ७६. सहा वर्षे पडून होतो, असे त्याने लोकांना सांगितले. हात सिंहासनाच्या दांड्यांवर आपटत होते, उठू पाहत होते. आधी त्याच्या एकट्याच्या कारकिर्दीतली पाच गाणी झाली. 'मामा, आय'म कमिंग होम'मध्ये सूर मधूनमधून सुटत होता आणि जिथे सुटला तिथे बेचाळीस हजारांच्या मैदानाने तो उचलला. 'क्रेझी ट्रेन'ला मात्र गळा अनपेक्षित सणसणीत लागला.

ऑझीच्या या संचात ड्रमवर टॉमी क्लुफेटोस होता. २०१२ ते २०१७ मध्ये सॅबथबरोबर वॉर्डच्या जागी बसणारा तोच. त्यामुळे कान देऊन ऐकणाऱ्याला त्या रात्री एक दुर्मीळ तुलना मिळाली. क्लुफेटोस अचूक आणि जोरकस आहे, घाव सरळ मात्रेवर पडतो. थोड्या वेळाने सायरन वाजले, 'वॉर पिग्ज' सुरू झाले आणि मागे बिल वॉर्ड होता.

साडेनऊच्या सुमारास सूर्य मावळला होता, अंधार उतरू लागला होता. 'वॉर पिग्ज'ची सुरुवात संथ, सहाच्या वजनाची. वॉर्ड जीन क्रुपा, बडी रिच ऐकत वाढलेला, जॅझच्या अंगाने वाजवणारा माणूस. त्याचा घाव मात्रेच्या किंचित मागे पडतो आणि दोन घावांच्या मधली जागा तो लहान लहान ठोक्यांनी भरतो. आपला मुरलेला तबलजी समेवर येताना जसा लय खेचून धरतो, तसे ते ओढून धरणे. त्या ओढीमुळे आयोमीची धून जड वाटते. सरळ मात्रेवर वाजवली तर तीच धून नुसती जोरात वाटते. गेली वीस वर्षे जे हरवले होते ते हेच होते, आणि पहिल्या सोळा मात्रांतच ते परत आले. वय ७७, मधूनच एखादा पलटा अर्धवट राहत होता, पण लयीचा झोल जागचा हलला नाही.

पहिल्या कडव्यात गिटार दोन घाव घालून थांबते, उरतात फक्त झांजांची टिकटिक आणि आवाज. ही मोकळी जागा १९७० पासून प्रेक्षकांची आहे. ऑझी एक ओळ म्हणे, पुढची मैदान म्हणे. मग गीझरच्या एकट्या बास गिटारने 'एन.आय.बी.' उघडले. त्याचा बास आयोमीच्या धुनीला नुसता आधार देत मागे राहत नाही, तीच धून खाली एक सप्तक वाजवत मधूनच वळणे घेतो. एकच गिटार असूनही हा बँड भरगच्च ऐकू येतो तो यामुळे. 'आयर्न मॅन'ला आयोमीचा डावा हात पडद्यावर जवळून दाखवत होते. २०१२ मध्ये कर्करोग होऊन, त्यावर उपचार घेऊन आलेला हा ७७ वर्षांचा माणूस चौघांत सर्वांत निश्चल होता आणि एकही स्वर हलला नाही. शेवटी 'पॅरानॉइड', जे १९७० मध्ये अल्बममध्ये तीन मिनिटे कमी पडत होती म्हणून ऐनवेळी रचले होते. आतषबाजी झाली. चार गाणी, बस. जास्त ताणले नाही हे फार शहाणपणाचे झाले.

मैफलीची रक्कम तीन संस्थांसाठी होती : क्युअर पार्किन्सन्स, बर्मिंगहॅम चिल्ड्रन्स हॉस्पिटल आणि एकॉर्न्स हे मुलांचे आश्रयरुग्णालय.

बाहेर पडताना विटन स्थानक सर्वांत जवळ म्हणून सगळे तिकडेच वळतात आणि रांग तासभर सरकत नाही. ॲस्टन स्थानक पंधरा मिनिटांवर, तिथे गर्दी कमी. पाय शाबूत असतील तर शहरापर्यंत चालत साधारण तासभर. त्या रात्री हजारोंनी तेच केले आणि वाटेतल्या चिप्सच्या दुकानांनी मध्यरात्रीपर्यंत फळ्या लावल्या नाहीत.

रविवार, ६ जुलै

सकाळी पाऊस. पाचव्या दिवसाचा खेळ दीड तासाहून अधिक उशिरा सुरू झाला, षटके ८० वर आली. इंग्लंड ३ बाद ७२, लक्ष्य ६०८. न्यू स्ट्रीटहून एजबॅस्टनला पर्शोर रोडच्या बसने जावे किंवा पाऊण तास चालावे. पाचव्या दिवसाचे तिकीट बाकीच्या दिवसांपेक्षा सहज आणि स्वस्तात मिळते.

आच्छादने निघाली तेव्हा खेळपट्टीच्या अंगाने वारा होता. आकाश दीपने सहा बळी घेतले, सामन्यात दहा. इंग्लंड २७१ ला संपले आणि भारत ३३६ धावांनी जिंकला. या मैदानावर भारताचा हा पहिलाच कसोटी विजय, आधीच्या आठांत सात पराभव आणि एक अनिर्णित. आमच्या पुढच्या रांगेत लेस्टरहून आलेले एक मूळ सांगलीचे कुटुंब होते. काकांच्या अंगात भारताची जर्सी, मुलीच्या अंगात आदल्या दिवशी व्हिला पार्कवर घेतलेला काळा टी-शर्ट. डब्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी होती, ती शेवटच्या विकेटपर्यंत तिन्ही रांगांत फिरली.

परत आल्यावर

२२ जुलैला ऑझी गेला. मैफलीनंतर सतराव्या दिवशी. ३० जुलैला त्याची अंत्ययात्रा ब्रॉड स्ट्रीटवरून निघाली आणि सॅबथच्या पुलावर थांबली. बाकापाशी फुलांचे ढीग साचले. म्युझियममधल्या प्रदर्शनाची मुदत लोकांच्या रेट्यामुळे वाढवण्यात आली.

आता कोणाला जायचे असेल तर हा फेरा एका दिवसात होतो. सकाळी नऊच्या आत बाक, मग नेव्हिगेशन स्ट्रीट, क्राऊन, दुपारी लोकलने ॲस्टन, लॉज रोड आणि ॲस्टन हॉल, संध्याकाळी ५० ची बस धरून लेडीपूल रोड. लॉज रोडला दुपारी उशिरा जावे. तेव्हा ऊन घरांच्या दर्शनी भागावर येते आणि विटांचा खरा रंग दिसतो. आणि फुले ठेवायची असतील तर ती पुलावर ठेवावीत, त्या घराच्या पायरीवर नाहीत.